शटरमधली धूळ

इलेक्ट्रॉनिक शटर मंजूर झालं. माझ्याच अभिप्रायावरून झालं. जुनं मेकॅनिकल शटर कागदावर बाद ठरलं, आणि बाद करण्यापूर्वी नियमाप्रमाणे एकदा पुण्याला तपासूनही आलं. हा झाला निकाल. आता तो लागलेलाच नाही असं समजून पुढे जाऊ. यात अवघड काही नाही. सरकारी कचेरीत लागलेला निकाल न लागल्यासारखा वर्षानुवर्षं ठेवता येतो, आणि मी सरकारी फोटोग्राफर आहे. तर अजून काहीच ठरलेलं नाही. त्र्याहत्तर सालचा एप्रिल आहे, धरणात तळाला चिखलही उरलेला नाही, आणि भर दुपारी मी नगरच्या कचेरीतल्या डार्करूममध्ये एक ओली निगेटिव्ह दिव्यासमोर धरून उभा आहे. निगेटिव्हमध्ये तशी सगळीच माणसं भुतं दिसतात. तोंडं काळी, केस पांढरे, डोळ्यांत उजेड. त्याचं मला काही वाटत नाही, सवय आहे. मधोमध खुर्चीत माझे वडील बसलेले. भोवती आई, चुलते, चुलत्या, त्यांची पोरं. वडील त्या वेळी मेलेले होते, बाकीचे जिवंत. आता एक सेकंद उघडं राहणाऱ्या शटरने असा फोटो काढला तर काय होतं हे शाळकरी पोरही सांगेल: जिवंत माणसं थोडी हलतात, मेलेला हलत नाही. पुसट यायचे ते जिवंत, लख्ख यायचा तो मेलेला. माझ्या निगेटिव्हमध्ये आईच्या लुगड्याचा काठ दोरा न् दोरा मोजता येत होता. काकासाहेबांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, मिशीतला पिकलेला केस वेगळा काढता येत होता. आणि वडील छातीपासून वर पुसट आले होते.

मी निगेटिव्ह परत पाण्यात बुडवली. का बुडवली सांगता येत नाही. धुऊन निघेल असं वाटलं असावं.

माझं काम भेगांचे फोटो काढण्याचं. धरणाच्या दगडी भिंतीत केसाएवढी भेग दिसली की तिच्याशेजारी मोजपट्टी लावायची, तिपाईवर भात्याचा मोठा कॅमेरा चढवायचा, डोक्यावर काळं फडकं घ्यायचं, घासलेल्या काचेवर उलटी दिसणारी भेग सुलटी मानायची आणि चाप ओढायचा. शटर म्हणजे भिंगाच्या पोटातल्या पोलादी पाकळ्या. चाप ओढला की उघडतात, लावलेला वेळ भरला की मिटतात. आमचं शटर मेकॅनिकल. आत घड्याळासारखी स्प्रिंग आणि दातेरी चाकं. सेकंद लावला की घर्रर्र असं करतं, म्हातारा माणूस खोकण्याआधी करतो तसं. भेगेला या आवाजाचं काही वाटत नाही. भेग एका सेकंदात हलत नाही, आणि हललीच तर फोटो धुवायला आम्ही मागे राहत नाही. म्हणून शटर एक सेकंद उघडं राहतं की तीन, याचा विचार आमच्या कचेरीत कोणी केला नव्हता. मीही नाही. त्या दिवशी मी भिंतीखाली फडक्यात डोकं घालून होतो. छगन, आमचा जीपवाला, वरून उतरत आला आणि फडक्याबाहेरूनच म्हणाला, "साहेब, देवळालीहून मानूस आलाय. तुमचं वडील गेलं म्हनतोय." फडक्याच्या आत अंधार होता आणि काचेवर भेग उलटी होती. मी म्हणालो, "थांब, फोकस हलेल." असं म्हणालो खरं. फोटो काढला, भेगेचा, आणि मग बाहेर आलो. छगन टोपी हातात घेऊन उभा. "क्यामेरा हितं ठिवला तर चोरी व्हईल, संगं नेला तर बरं दिसनार न्हाई. काय करू?" मी म्हणालो, "टाक जीपमध्ये." वाटभर कॅमेरा मागच्या सीटवर माझ्या मांडीला टेकून बसला होता आणि फुफाटा उडत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायामाणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. धूळ जीपमध्ये, डोळ्यांत, दातांत. भिंगात किती गेली हे मला त्या वेळी बघायचं सुचलं नाही. आता ती गोष्ट सोडून दुसरं काही सुचत नाही.

घरी पोचलो तर तात्यांना, म्हणजे वडिलांना, आंघोळ घालून, फेटा बांधून ओट्यावर खुर्चीत बसवलेलं. खुर्ची सोसायटीच्या ऑफिसातून आणलेली, हातांची. छातीवरून उपरणं घेऊन पाठीला गाठ मारली होती, नाहीतर ते पुढे येत होते. डॉक्टर येऊन गेला होता. नाडी बघितली, छातीला नळी लावली, 'गेले' म्हणाला आणि फटफटीला किक मारली. आमच्याकडे माणूस गेला की तिरडीआधी असा बसवून फोटो काढतात. भिंतीवर लावायला एक तरी हवा. आई दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. मला बघून रडली, आणि रडता रडता तिची नजर माझ्या मागे छगनच्या हातातल्या पेटीवर गेली.

"क्यामेरा हाय ना त्यो? मंग काढ की. गावातला फोटूवाला राहुरीला गेलाय लग्नाला. तुझी वाट बघत बशिवलंय त्येंला."

"आई, हा सरकारी आहे. धरणाच्या भेगांसाठी आहे."

"सरकारला काय कळतंय? त्येंचा एक बी फोटू न्हाई घरात. भितीवर काय टांगू मी, कारखान्याचा बिल्ला?"

हे खरं होतं. तात्यांनी, त्यांचं नाव गहिनीनाथ, जन्मात फोटो काढू दिला नाही. मी फोटोग्राफीची नोकरी धरली तेव्हाही दिला नाही. "फोटू काढत्यात आमदाराचा, न्हाईतर मेल्याचा," म्हणायचे, "मी दोन्ही न्हाई." काकासाहेब माझ्या कानाशी आले. "मच्छिंद्रा, आटप बाबा. माश्या बसाय लागल्यात." फिल्म एकच उरली होती. मी कॅमेरा लावला. काळ्या फडक्यात शिरलो आणि काचेवर वडील उलटे दिसले, डोकं खाली, पाय वर, फेट्याचा तुरा जमिनीकडे लोंबता. उलट्या माणसाकडे बघून रडू येत नाही. मी प्रयत्न केला. मग बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं: "श्वास रोखा. मी सोडा म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही." आईने तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांनी श्वास रोखले. लहान पोरांनी गाल फुगवून रोखले. मीही रोखला, माझं काही काम नसताना. घर्रर्र. मग म्हणालो, "सोडा." सगळ्यांनी एकदम सोडला आणि तात्यांच्या फेट्याचा शेमला हलला. कुणाच्या श्वासाने हलला हे मी बघितलं नाही. संध्याकाळच्या आत अग्नी दिला. मीच दिला, थोरला मीच.

आता लाल दिवा, पाण्याची टपटप, आणि ती निगेटिव्ह. मी विचार करत होतो की चुकलं कुठे, आणि चूक एकच सापडत होती. श्वास रोखा असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, तात्यांना नव्हतं सांगितलं. मेलेल्या माणसाला असं कोण सांगतं? सांगितलं असतं तर रोखला असता. तात्या शिस्तीचा माणूस. एखादी गोष्ट एकदा सांगितली की पुरे. हा विचार मनात आला आणि मला हसू आलं. शेजारच्या खोलीत टायपिस्ट खडखडत होता. पंखा फिरत होता. जग फार व्यवस्थित चालू होतं.

तात्या साखर कारखान्यात काट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर यायची, बैलांसकट, आणि तात्या खोलीत दांडीवरचं वजन सरकवत बसायचे. दांडी कधी स्थिर व्हायची नाही. ती बारीक हलत राहायची, वर-खाली, वर-खाली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बैल श्वास घेत्यात ना. दोन श्वासांच्या मदी जे दिसतंय ते खरं वजन." मग ते स्वतः श्वास रोखून दांडीकडे बघत राहायचे, आणि बैल क्षणभर थांबला की आकडा टिपायचे. शेतकरी बाहेरून ओरडायचे, "तात्या, बैल मारतो का आमचा? किती वेळ बघतो?" आणि काही जण म्हणायचे की हा म्हातारा दोन श्वासांच्या मध्ये कारखान्याच्या फायद्याचं तेवढंच बघतो. असेल. पण आता मला ती दांडी दिसते, आणि दांडीसमोर तात्यांच्या जागी तो डॉक्टर दिसतो, नळी छातीला लावलेला, घाईत, बाहेर फटफटी उभी. डॉक्टरने कधी ऐकलं? श्वासावर ऐकलं, की दोन श्वासांच्या मध्ये?

शक्यता दोनच होत्या आणि दोन्ही शटरमध्ये होत्या. शटर खरं असेल, सेकंद म्हणजे सेकंद, तर एवढ्याशा वेळात माणूस एवढा पुसट फक्त श्वासानेच येतो. पण शटर धुळीने जड होऊन तीन-चार सेकंद उघडं राहिलं असेल, तर गोष्ट साधी: गाठ सैल पडली, तात्या खुर्चीत हळूहळू खाली सरकले, प्रेतं सरकतात, आणि बाकीचे माझ्या हुकमाखाली श्वास रोखून दगडासारखे राहिले. म्हणजे शटर खोटं असलं तर मी मेलेल्या बापाला अग्नी दिला. शटर खरं असलं तर. हे वाक्य मी तेव्हाही इथवरच केलं होतं. मग मी शटर काढून टेबलावर ठेवलं, सेकंद लावला, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं, चाप ओढला. घर्रर्र. खूप वेळ चालल्यासारखं वाटलं, पण मी घड्याळाकडे बघायचं विसरलो, कारण माझे डोळे मिटलेले होते. पुन्हा ओढला. या वेळी बघितलं. एक सेकंद. पुन्हा. एक सेकंद. धुळीने आखडलेलं शटर पहिल्यांदाच आखडतं, मग चाकं सैल होतात आणि ते साळसूद होतं, हे या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. पहिली वेळ मी डोळे मिटून घालवली होती. आणि खरी पहिली वेळ तर ओट्यावर गेली होती.

याच आठवड्यात धर्माधिकारी साहेबांनी बोलावलं. ते आमचे डेप्युटी इंजिनियर, पानाची पिंक टाकायला खिडकीशी जाता जाता निर्णय घेणारे. धरणावर नवं भिंग घ्यायचं होतं आणि त्यात शटर कुठलं, मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक, हा कागद वरून फिरत फिरत आला होता.

"मच्छिंद्र, तुमचं दुःख कळतं मला. पण हे बजेटचं वर्ष संपत आलं... म्हणजे संपलंच. तुम्ही नेहमी मेकॅनिकल मेकॅनिकल करता. तसंच लिहा, मी सही करतो."

मी खरोखर तसंच म्हणत आलो होतो. इलेक्ट्रॉनिक शटरला बॅटरी लागते आणि तसली बॅटरी नगरात मिळत नाही. त्यात चाकं नसतात, तर वेळ मोजणारं सर्किट असतं; बिघडलं तर मुंबईला पाठवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. मेकॅनिकल बिघडलं तर कापड बाजारातला घड्याळजी कानाला लावून सांगतो कुठं दुखतंय ते. भेगांना बॅटरीची वाट बघायला सांगता येत नाही. हे सगळं मी साहेबांना पाठ म्हणून दाखवलं असतं. पण मेकॅनिकल शटर भरवशाचं आहे असं माझ्या हाताने लिहायचं होतं, खाली सही करायची होती, आणि मला त्या कागदावर डॉक्टरची फटफटी दिसत होती. मी म्हणालो, "साहेब, जरा विचार करतो." साहेब पहिल्यांदाच खिडकीकडे न जाता माझ्याकडे बघत राहिले.

दहाव्याला फोटो घेऊन गेलो. मोठा करून, काच बसवून, फ्रेम करून. पुसटपणा मोठा केला की मोठाच होतो. मी मनाशी ठरवलं होतं की कुणी विचारलं तर फिल्म जुनी होती म्हणायचं. आईने फ्रेम मांडीवर घेतली. पदराने काच पुसली. पुन्हा पुसली. मला वाटलं ती पुसट जागाच पुसतेय. मग म्हणाली, "लई जित्ते वाटत्यात." काकासाहेब वाकून बघायला आले. "व्हय की गं छबूवहिनी. आपन समदे मेल्यावानी हुबं, अन् ह्यो तेवढा जित्ता. क्यामेरा भारी हाय, मच्छिंद्रा. सरकारी तो सरकारी." सगळ्यांनी फ्रेम हातोहात फिरवली आणि प्रत्येकजण तेच म्हणाला. आत्ता बोलत्याल. आत्ता उठत्याल. मी ओट्यावर त्याच जागी बसलो होतो. सोसायटीची खुर्ची परत गेली होती; तिचे चार पाय शेणसारवणात उमटलेले होते. माणसं पांगल्यावर आईला विचारलं, सहज विचारल्यासारखं, "तुझा हात खांद्यावर होता ना त्यांच्या? काही जाणवलं का?"

"काय जानवनार?"

"म्हणजे... गार वगैरे होते का?"

आईने विचार केला. तिला प्रश्न विचित्र वाटला नाही. त्या दिवसांत तिला काहीच विचित्र वाटत नव्हतं. "गार कशानं? चैताचं ऊन. गरमच लागत हुतं. खुर्ची बी गरम हुती." मग फ्रेम उचलून खिळ्याकडे बघू लागली. "तू असं का इचारतो?"

"काही नाही. फोटोसाठी."

मुंबईचा माणूस इलेक्ट्रॉनिक शटर घेऊन आला तो टाय लावून. नगरच्या उन्हात टाय लावणारा माणूस एकतर विक्रेता असतो नाहीतर नवरदेव. त्याने साहेबांच्या टेबलावर शटर ठेवलं, वायर जोडली, बटण दाबलं. पाकळ्या उघडल्या, मिटल्या. घर्रर्र नाही, काही नाही, नुसती टिक. साहेब म्हणाले, "झालं?" तो म्हणाला, "झालं. याचा सेकंद म्हणजे सेकंद, साहेब. थंडीत, उन्हात, धुळीत, कुठेही. तुमचं जुनं मेकॅनिकल, या भागातल्या धुळीत, माफ करा, पण एका सेकंदाचे तीन-तीन सेकंद घेतं."

मी खुर्चीत पुढे सरकलो. "तीन? नक्की?"

"चारही घेईल."

"एप्रिलमध्ये? फुफाट्यातून नेलं तर? जीपमधून?"

"जीपमधून नेलं तर बोलायलाच नको."

त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. गेल्या पंधरवड्यात तात्या मेले असं इतक्या ठामपणे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "हे लिहून द्याल?" तो हसला. "आम्ही आमच्या मालाचं लिहून देतो, दुसऱ्याच्या नाही." साहेबही हसले. मीही हसलो, तिघं हसत होतो आणि टेबलावरचं शटर बिनआवाजी उघडत-मिटत होतं, कारण त्या माणसाचं बोट बटणावर राहिलं होतं. ओट्यावर हे शटर असतं तर मला लपायला जागाच उरली नसती. आवाजही नसता. कुणाला कळलंही नसतं की सेकंद कधी सुरू झाला आणि कधी संपला. मी त्याच दिवशी अभिप्राय लिहिला. लिहिलं की मेकॅनिकल शटर येथील धुळीत अजिबात विश्वासार्ह नाही, एका सेकंदाऐवजी तीन ते चार सेकंद उघडे राहते असा प्रत्यक्ष अनुभव आहे, सबब इलेक्ट्रॉनिक घ्यावे. 'प्रत्यक्ष अनुभव' या शब्दांखाली मी रेघ मारली. बॅटरीचा उल्लेख केला नाही. साहेबांनी सही करताना विचारलं, "आणि एवढी वर्षं आपण काढलेल्या भेगा?" मी म्हणालो, "त्या हलत नाहीत, साहेब." आणि लिहून झाल्यावर मला आठवडाभर झोप लागली. शटर खोटं आहे हे आता सरकारने मान्य केलं होतं. सरकारच्या लेखी माझे वडील मेलेले होते.

पण सरकार एखाद्या वस्तूला मेली म्हणायचं तर डॉक्टरसारखं घाईत म्हणत नाही. जुनं शटर बाद करायचं तर तपासणीचा दाखला लागतो. तो ते पुण्याला कार्यशाळेत पाठवून मिळतो. मी स्वतः डबीत कापूस घालून, कापसात शटर ठेवून, दोरा गुंडाळून पाठवलं. टेबलावरच्या त्या तीन वेळांनंतर शटर हलवलं नाही, चाप ओढला नाही, फुंकरही मारली नाही; धुळीचं शटर पडून राहिलं की पुन्हा आखडतं. आत जी काही धूळ होती ती देवळालीच्या रस्त्याची होती, त्या दिवसाची. आता कुणीतरी यंत्रावर लावून मोजेल, तीन येईल, चार येईल, आणि संपेल. पावसाळा आला, यंदा बरा आला, धरणात थोडं पाणी दिसलं. डबी परत आली. वर चिठ्ठी. शटर उघडले. आत धूळ व घट्ट झालेले तेल आढळले. साफ केले, नवे तेल दिले. चाचणी घेतली. एक सेकंद, अचूक.

मी पुण्याला ट्रंक कॉल लावला. लाइनवर खरखर होती.

"साफ करण्याआधी मोजलं होतं का?"

"घाण शटर कोण मोजतं हो? आधी सफाई, मग मोजमाप. पद्धत आहे."

"धूळ किती होती?"

"होती की. बरीच होती. धरणवाले ना तुम्ही?"

"तेवढ्या धुळीने किती सेकंद लागले असते? तीन लागले असते?"

"हॅलो? हॅलो?"

"ती धूळ ठेवलीय का तुम्ही? धूळ?"

लाइन तुटली. तुटली की त्याने ठेवला, हे कळायला मार्ग नाही. दोन्हीचा आवाज सारखाच येतो. चिठ्ठी बघून साहेब खूश झाले. "अरे, म्हणजे जुनंही चांगलं आहे. मग दोन्ही राहू द्या." नवं कपाटात आहे, बॅटरीची वाट बघत. जुनं कॅमेऱ्यावर आहे, तेल पिऊन, आणि सेकंद लावला की अगदी बेताची घर्रर्र करतं. मी भिंतीपुढे फडक्यात शिरतो. चाप ओढताना आता कुणी श्वास रोखायला नसतं, भेग असते. तरी मी रोखतो. परवा साहेबांना न विचारता कचेरीच्या कागदावर एक अर्ज केला आणि जावक क्रमांक घालून टाकला. तो असा:

मा. कार्यशाळा अधीक्षक यांस सविनय सादर. आपण तपासून पाठविलेले मेकॅनिकल शटर मिळाले. त्यासंबंधी विनंती करण्यात येते की, सदर शटरमधून काढलेली धूळ व घट्ट तेल टाकून दिले नसल्यास ते मूळ जागी व मूळ प्रमाणात परत भरावे. शटर काही काळ एप्रिलच्या उन्हात ठेवावे, एप्रिल उपलब्ध नसल्यास पुढील एप्रिलपर्यंत थांबावे. तदनंतर चाप एकदाच, पहिल्यांदाच, ओढून ते एका सेकंदाऐवजी किती वेळ उघडे राहते हे मोजावे व तसा दाखला आमच्या नावे द्यावा. तीन सेकंदांहून कमी भरल्यास कृपया कळवू नये.